वजनाला वजन

माझे भावजी, म्हणजे ताईचा नवरा, चांदी आटवायचं काम करायचे. त्याला कारखाना म्हणायचं एवढंच. उंच छताची एक काळवंडलेली खोली, मधोमध भट्टी आणि दाराशी मालकाचा काटा. गावभरची मोड तिथे यायची: चेपलेले पेले, तुटक्या साखळ्या, दांडा मोडलेले चमचे आणि मूठ-मूठ जुनी नाणी. सगळं मुशीत जायचं आणि लगड होऊन बाहेर पडायचं. भावजींच्या भुवया बारा महिने अर्ध्या जळलेल्या असत. "उरलेल्या तरी जपा," असं मी म्हटलं की ते खरंच हात लावून बघायचे.

नाण्यांचं त्यांना वेड होतं. किंमत, साल, राजाचं नाव यांच्याशी काही देणंघेणं नाही, चित्र पाहिजे. शिडात वारा भरलेलं जहाज, एक पाय उचललेला घोडा, गहू कापणारी बाई. त्या बाईच्या कोपराला खळी पडलेली दिसते म्हणे. मला भिंगातूनसुद्धा कधी दिसली नाही, पण "दिसली, दिसली" म्हणून मी सुटका करून घ्यायचे, नाहीतर जेवण गार व्हायचं. नाणं कडेला दोन बोटांत धरायचं. चित्राला बोट लागलं की डोळे वटारलेच.

मालक रोखठोक माणूस. नाणं हवं तर न्या, पण तेवढ्याच वजनाची दुसरी चांदी काट्यात टाका. वजनाला वजन. चित्राचं त्याला काय! भावजींनी आधी शर्टाची चांदीची बटणं दिली, मग वडिलांच्या घड्याळाची साखळी, मग घरातली होती-नव्हती ती वाटी. घोड्यासाठी तर ताईने आपण होऊन कानातली काढून दिली. "एक दिवस मलाही मुशीत टाकाल," म्हणाली आणि हसली. तेव्हा त्या घरात हसणं होतं, कारण तेव्हा त्यांची लेक, पिटुकली, होती.

पिटुकली तापात गेली. सकाळी अंग कोमट लागलं म्हणून शाळेत पाठवली नाही, आणि ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. याहून जास्त लिहायला मला जमणार नाही. ताईने तिचे कपडे देऊन टाकले, चपला दिल्या, रंगांची पेटी दिली. ठेवली फक्त चांदीची पैंजणं, ती रांगत होती तेव्हाची. कपाटात पावडरच्या जुन्या डब्यात, रुमालात गुंडाळून. ताईला ती बाहेर काढताना मी कधी पाहिलं नाही, पण कपाट उघडलं की डबा जागेवर आहे ना, एवढं ती बघून घ्यायची.

भावजींनी त्यानंतर नाणी आणणं सोडलं. नाण्यांचा खण उघडेनात. मग एक दिवस मोडीच्या ढिगात ते नाणं निघालं. धावणारी लहान मुलगी, केस मागे उडालेले, मान वळवून कुणाकडे तरी बघून हसतेय.

"अगं, हुबेहूब आपली होती," भावजी मला नंतर म्हणाले. "मुशीत कशी टाकू?"

मालक म्हणाला, जेवणानंतर भट्टी लागेल, त्याआधी वजन आणा.

भर दुपारी भावजी घामाघूम होऊन घरी आले. ताई शिवणाच्या कामावर गेलेली. मी पलीकडच्या खोलीत राहायचे, मी दारातून हटकलं, "काय विसरलात, डोकं?" एरवी त्यांनी उलट काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी मान खाली घालून आत गेले आणि लगेच बाहेर पडले.

संध्याकाळी मला हाक मारली. दिवा टेबलावर ओढला होता, भिंग पुसून ठेवलं होतं. ताईला खुर्चीत बसवलं. भावजींचा चेहरा असा फुललेला, पिटुकली गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

"बघ, कोण आलंय."

ताई भिंगावर वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"कोण आहे ही?"

"नीट बघ ना. मान बघ, केस बघ."

"बघितलं. कोण आहे ही?"

ताईने भिंग खाली ठेवलं. घरात आता किती चांदी उरली होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"काट्यात काय टाकलंत?"

उत्तराची वाट न बघता ती उठली, कपाट उघडलं, डबा उचलला. आत रुमाल तेवढा होता.

"जहाज द्यायचं होतंत," ती म्हणाली. "घोडा द्यायचा. खण भरलाय तुमचा."

"तसं काम पुन्हा बघायला मिळत नाही गं. आणि पैंजणांवर काही नव्हतं, साधी पट्टी होती. मी तश्शीच घडवून आणतो."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्तच.

ताई ओरडली नाही. रुमालाच्या घड्या घालत म्हणाली, "दात येत होते तेव्हा पाय तोंडाशी नेऊन चावत बसायची ती. खालचे दोन दात. डाव्या पायातल्या पट्टीवर त्यांचे वण होते. तुम्ही कधी बघितलेत का?"

भावजी अनवाणीच कारखान्याकडे धावले. मी मागोमाग गेले. भट्टी विझत आली होती. लगडी ओतून भिंतीशी रचलेल्या होत्या, सगळ्या सारख्या, अजून हात लावता येऊ नये इतक्या गरम. मालकाने विचारलं, काय राहिलं? भावजींनी नुसती मान हलवली.

परतताना ते मधेच थांबले. उजवा अंगठा बोटावर चोळत होते.

"काट्यात टाकताना इथे खरखरलं होतं," म्हणाले. "वाटलं, वापरून पोचे पडलेत."

आम्ही पुन्हा चालायला लागलो.

"तिला सांगू का?"

"नको," मी म्हटलं.