वरच्या अडतीस ओळी

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेतले आकडे सांभाळायचो आणि पेणला राहायचो. थोरली बहीण पेण तालुक्यातच, खाडीकाठच्या गावात दिलेली. तिची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, मध्ये फक्त मातीचा बांध. बांधातल्या उघाडीच्या फळ्या ओहोटीला काढून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं आणि भरती चढायच्या आत त्या परत बसवायच्या. हे काम भावोजींकडे होतं. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. भावोजींना कंपनीतल्या शिफ्टमुळे तिथीचं भान राहत नसे.

"मेव्हणे, तुमच्या कम्प्युटरवर महिन्याचा कागद काढून द्या. भिंतीला लावतो नि गजर लावून झोपतो."

कारखान्यातल्या एका इंजिनिअरने मला फ्लॉपी दिली. तीत चंद्राची गती काढणारा परदेशी प्रोग्राम होता, उघडून बदलता येईल असा. सुरुवातीला अडतीस ओळींचं इंग्रजी निवेदन, खाली दोनशे बारा ओळींचं गणित. गणित समजलं. भरती आमच्या खाडीत पोचायला जो उशीर लागतो, तो मी त्यात मिळवला. निवेदन अर्धवट वाचलं: प्रोग्राम कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. एवढं पुरे वाटलं. ज्या ओळी काही मोजत नाहीत त्या कशाला ठेवायच्या, म्हणून अडतीसच्या अडतीस पुसल्या. कागदाच्या तळाला माझं नाव छापलं जाईल अशी सोय मात्र केली.

महिनाभर वही घेऊन पडताळा केला. सात-आठ मिनिटांपलीकडे चूक नव्हती. मग अकरा फ्लॉप्या वाटल्या. त्यातली एक पेणच्या कम्प्युटर क्लासवाल्याला, कारण भावोजींना दर महिन्याचा कागद तिथून नेणं सोपं होतं.

श्रावण अमावास्येच्या उधाणाला भावोजी रात्रपाळी करून सकाळी आले, फळ्या काढल्या, कागद बघून गजर लावला आणि झोपले. गजर झाला तेव्हा पाणी आत शिरून पाऊण तास होत आला होता. चौघांनी छातीभर पाण्यात उतरून फळ्या बसवल्या, पण लावणी झालेलं सगळं शेत खारं झालं. मी रविवारी पोचलो तर रोपं पिवळी पडलेली आणि बहीण बांधावर बसलेली.

शेजारीण तिला म्हणत होती, "उठ गो, बघत बसून काय रोप हिरवं होनार हाय?"

बहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबू, कागदावर नाव तुझंच हाय ना?"

"हाय," मी म्हणालो.

माझ्या प्रतीवरून त्याच महिन्याचा कागद काढून दोन्ही ताडले. प्रत्येक वेळ बरोबर पंचेचाळीस मिनिटं पुढे. रोह्याकडच्या, खाडीच्या पार आतल्या गावातल्या कुणा गिऱ्हाइकासाठी क्लासवाल्याने उशीर वाढवला होता आणि प्रोग्राम त्याच नावाने साठवून ठेवला होता.

"मला सांगायचं नाही?" क्लासात जाऊन मी त्याला विचारलं.

"काका, तुम्हीच म्हणालात, फुकट आहे, हवं ते बदल. बदल केला तर सांगा, असं कुठे लिहिलं होतं?"

लिहिलं होतं. मूळ फ्लॉपी काढली आणि शब्दकोश घेऊन दोन संध्याकाळी त्या ओळी वाचल्या. लेखकाने आपला हक्क सोडलेला नव्हता. फुकट दिलं तरी ते त्याचंच होतं. तो फक्त परवानगी देत होता, तीही अटींवर. हे निवेदन प्रत्येक प्रतीत राहू द्या. बदल केलात तर कोणी, काय, कधी केला ते लिहा. बरोबर चालेल याची हमी नाही. अटी मोडल्या तर परवानगी संपली. म्हणजे अकरा फ्लॉप्या वाटताना एकही वाटायचा मला अधिकार नव्हता.

आणि यात मला नवं काय होतं? बहिणीच्या गावात बांधाची डागडुजी सगळी घरं मिळून करतात, त्याला जोळ म्हणतात. बांध सगळ्यांचा, पण कुठल्या घराने कुठून कुठवर माती टाकली ते काठ्या रोवून दाखवलेलं असतं. बांध फुटला तर कुणाला हाक मारायची हे सगळ्यांना ठाऊक. मी स्वतः दोनदा त्या जोळात माती वाहिली आहे. तरी काठ्या उपटल्या त्या मीच.

निवेदन परत घालून दहा फ्लॉप्या बदलून दिल्या. अकरावी नेलेला माणूस गाव सोडून गेला होता. या सगळ्यांनी मधल्या काळात किती प्रती काढून दिल्या, तो आकडा माझ्याकडे नाही. भावोजींनी पुन्हा कागद मागितला नाही. शेत पुढची दोन वर्षं पिकलं नाही.

तिसऱ्या वर्षी वडखळला एका चहाच्या टपरीत तो कागद दिसला. चालू महिन्याचा. कोळी मंडळी बघतात म्हणून लावलेला. मनात तिथीची पाऊणपट केली. तीच पंचेचाळीस मिनिटं.

"हा चुकीचा आहे, काढा," मी म्हणालो.

"काढू कशाला? पेणच्या सायबांचा हाय. खाली नाव बघा ना."

"ते नाव माझंच."

टपरीवाला हसला. "मग तुमीच चुकीचा लिवलात व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याने कागद काढला नाही. माझी बस आली.