प्रेसिपिटेशन म्हणजे पाऊसच

माझे वडील सौंदडजवळच्या एका तलावावर पाऊस मोजायच्या नोकरीत होते. रोज सकाळी आठला ते पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतत आणि आकडा छापील इंग्रजी तक्त्यात भरत. त्या रकान्यावर ‘प्रेसिपिटेशन’ लिहिलेलं असे. हा शब्द मी तिथेच शिकले.

पुढे गोंदियाला इंटर सायन्सला गेले. वर्गात मुलगी मी एकटीच. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. नासलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसू लागला. बाहेरगावचे परीक्षक जवळ आले.

“प्रेसिपिटेशन म्हणजे काय?”

मी घाबरले होते. तोंडून निघालं, “पाऊस पडणं.”

ते मोठ्यानं हसले. “अरे, या बाईंच्या नळीत पाऊस पडतोय. छत्री आणा!” सगळी मुलं हसली.

माझे कान तापले. “सर, शब्द एकच आहे. हवेला वाफ पेलेनाशी झाली की पाऊस पडतो. इथं पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार झाला, म्हणून तो खाली बसला.”

“उलट बोलता? चुली सोडून येता कशाला इथं?” त्यांनी माझ्या नावापुढे रेघ ओढली.

घरी येऊन रडले.

“काऊन रडून राहिली वो?” वडिलांनी विचारलं. मी सांगितलं.

“तू खोटं बोलली का?”

“नाही.”

“मंग कायले रडतेस? उद्या येतो मी तुह्या कॉलेजात.”

दुसऱ्या दिवशी आठचं मोजमाप उरकून, एक कोरा तक्ता घेऊन ते माझ्यासोबत गाडीत बसले. आमच्या प्राध्यापकांनी तक्ता पाहिला. परीक्षेच्या वेळी ते माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

“मुलीचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण परीक्षकांना कोण सांगणार?”

“तुमी सांगा ना जी!” वडील ओरडले. त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. प्राध्यापक कागद आवरत राहिले.

प्रात्यक्षिकात मी नापास झाले. पुढच्या वर्षी परीक्षक बदलले. तोच प्रश्न आला. मी दोन्ही अर्थ सांगितले आणि पास झाले. प्राध्यापक अभिनंदन करायला आले, तेव्हा मी नमस्कारही न करता बाहेर पडले. परीक्षकांना निदान ठाऊक नव्हतं. यांना ठाऊक होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.