पोस्टर लावलं, पण उलटं

मंडळी, आज सकाळी डिचोलीच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कंपनीचे साहेब आले. कुठली कंपनी ते ओळखा. बारा वर्षं मी तिचेच फोन उघडतोय. म्हणाले, “आपलं सॉफ्टवेअर आता बंद. पुढचे स्मार्टफोन भागीदार कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालणार. जुने फोन दुरुस्त करणं सोडा आणि हे नव्या फोनचं पोस्टर लावा.”

बारा वर्षांची विद्या एका वाक्यात भंगारात!

तेवढ्यात शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवणारा बाबलो आला. त्याच्या फोनच्या बटणांत खनिजाची लाल धूळ बसली होती. साहेबांनी लगेच नवा फोन त्याच्या हातात दिला. बाबलोने बोट फिरवलं. काच लाल झाली, फोन ढिम्म.

“आधी हात धुवा,” साहेब म्हणाले.

“ट्रकात नळ खंयसून हाडू?” बाबलो उसळला. “माजो फोन माज्या हाताक वळाखता. जेटीर खनिज ओतून ट्रक रिकामो झालो की न बघता बायलेक मिसकॉल मारतंय, मगे ती भात चुलीर ठेवता. माका ह्योच करून दी.”

दिला. साहेबांच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या मेलेल्या फोनची बटणं बसवून.

कंपनीला स्वतःच्या कामाची लाज वाटू दे. मला माझ्या कामाची वाटत नाही.

पोस्टरच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, “जुने फोन इथे दुरुस्त होतात”, आणि तीच बाजू रस्त्याकडे करून चिकटवलं.

तुमच्या कपाटात या कंपनीचा एखादा जुना फोन पडलाय का? घेऊन या. बघू कोण बंद करतं ते!