बाबांच्या नावाचा नारळ

आधीच सांगतो, मी देवभोळा नाही. भुताखेतांचे किस्से सांगणारा तर अजिबात नाही. आमच्या तारकर्लीत दर दुसऱ्या माडाखाली कोणाला तरी काहीतरी दिसलेलं असतं, मला आजवर माडाखाली पडलेली झावळीच दिसली. हे लिहिण्याचं कारण एवढंच की गेली दोन वर्षं हे डोक्यात घेऊन फिरतोय आणि आता कंटाळा आलाय. लिहून टाकलं की जरा हलकं वाटेल म्हणतात... बघू.

मी गोव्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये एमआरआय मशीनवर टेक्निशियन आहे. माणसाला आत सरकवायचं, "हलू नका" सांगायचं आणि काचेपलीकडे बसून त्याचे आडवे काप स्क्रीनवर बघायचे, हे माझं काम. दर आठवड्याला डॉक्टरांची एक मीटिंग होते. ऑपरेशनच्या आधी फिल्मवर काय दिसलं ते आमचे रेडिओलॉजिस्ट सर सांगतात. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग पॅथॉलॉजीच्या मॅडम पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात आणि खरं काय निघालं ते सांगतात. फिल्म लावायला मी तिथे असतोच. कधी दोघांचं जुळतं, कधी नाही. विशेषतः गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन दिल्यावर फिल्म फसवते. गाठ मरून नुसता व्रण उरलाय की आत अजून जिवंत आहे, ते चित्रावरून नीट कळत नाही. त्यामुळे "फिल्मवर होतं आणि प्रत्यक्षात निघालंच नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

आणि मग २००८ मध्ये त्याच मशीनमध्ये मी माझ्या बाबांना सरकवलं.

बाबांचा जन्म रापणीवर गेला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास माणसांनी ओढायचं मोठं जाळं. संडासातून रक्त जात होतं ते त्यांनी किती महिने लपवलं देव जाणे. विचारलं की एकच उत्तर — "मूळयाद आसा रे. ताक पिल्यार बरा वाटता." ताकाने बरं वाटेना तेव्हा माझ्याकडे आले. मी काचेपलीकडून माझ्या बापाचे काप बघत होतो. गाठ समोर दिसत होती, ती दिसायला डॉक्टर लागत नाही. पण तिच्या मागे, डाव्या बाजूला, पांढऱ्या चरबीत उडदाएवढा एक काळपट डाग होता.

तो डाग महत्त्वाचा का, ते सांगतो. आतड्याच्या त्या भागाभोवती चरबी असते आणि चरबीभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आवरण. सर्जन त्या आवरणाला धरून सगळा गड्डा काढतो. डाग आवरणाला चिकटला असेल तर काठ स्वच्छ सुटत नाही आणि रोग परत येतो. बाबांचा डाग चिकटलेला होता. सर मला म्हणाले, "आधी रेडिएशन देऊ, मग बघू." त्यांच्या "बघू"चा अर्थ मला पाठ होता. मी जिन्यात जाऊन रडलो आणि परत येऊन पुढचा पेशंट आत घेतला.

रेडिएशन सुरू होण्याआधी आईने आमच्याच माडाचा एक नारळ सोलून घेतला, वर शेंडी ठेवून. समोरच्या बाजूला कुंकवाचं उभं बोट ओढलं — हे बाबांचं तोंड. मग बाबांवरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवला आणि घराच्या मागे राखणदाराची, म्हणजे घर-वाडी राखणाऱ्या देवाची, जागा आहे तिथे नेऊन ठेवला, शेंडी वर करून, माणूस उभा असतो तसा. आमच्याकडे राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. आईने सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्यांच्या आंगात जी काय पीडा आसात ती ह्या नारळात घे. माझ्या माणसाक घराक परत घेवन ये."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय? विश्वास वगैरे काही नाही.

"मी सगळं बघतोय ना हॉस्पिटलात," असं मी तिला नंतर म्हटलंसुद्धा.

"तू तुझ्या मशिनीत बघ," आई म्हणाली. "मी माझ्या जाग्यार बघतंय."

पुढचे महिने नुसती दमछाक होती. ड्युटी, रेडिएशन, उलट्या, सुट्टी मिळाली की एसटीने घरी. दुसरा एमआरआय केला तेव्हा मोठी गाठ निम्म्याहून कमी झाली होती. उडदाएवढा डाग मात्र जिथल्या तिथे. सरांनी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. ऑपरेशन झालं. बाबांच्या पोटावर संडासाची कायमची पिशवी आली.

काही दिवसांनी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला बोलावलं. समोर माझीच फिल्म लावलेली.

"इथे काय होतं रे?" त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं.

"गाठ होती, मॅडम. दोन्ही वेळेला."

"इथे काहीच नाही. काठ स्वच्छ आहे, बाबांना सांग. पण गाठ मेली तर मागे व्रण राहतो. मोठ्या गाठीच्या जागी तो आहे. इथे व्रणसुद्धा नाही, नुसती चरबी. मी दोनदा कापून बघितलं."

मीटिंगमध्ये सर म्हणाले, कापाची पातळी इकडची तिकडे झाली असेल. तेही होतं कधीकधी. मी तेच धरून बसलो. काठ स्वच्छ म्हटल्यावर मला दुसरं काय हवं होतं?

बाबांना गाडी करून घरी आणलं. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची दारू शोधायला गाडी थांबवली. शिपायाने बाबांच्या सदऱ्याखालच्या फुगवट्याकडे बोट केलं, "काका, आत काय?" बाबांनी सदरा वर केला. तो बिचारा ओशाळला आणि म्हणाला, "जा, सावकाश जा." कुडाळ येईपर्यंत बाबा हसत होते. मला मात्र हसू आलं नाही.

घरी आल्यावर आईने तो नारळ आणायला लावला. घरच्या माणसानेच फोडायचा म्हणून मी कोयत्याच्या पाठीने मधोमध गोल ठोकत आणला. कवटीला कुठे चीर नाही, भोक नाही. पाणी गोड वासाचं. दोन सारख्या वाट्या झाल्या.

पांढऱ्या खोबऱ्यात, कवटीला चिकटून, उडदाएवढा काळपट डाग होता. वार त्याच्या मधूनच गेला होता, त्यामुळे दोन्ही वाट्यांवर तो दिसत होता.

मी आत जाऊन बाबांच्या रिपोर्टच्या पाकिटातली फिल्म आणली. खालची वाटी हातात धरली, कुंकू वरच्या बाजूला, आणि फिल्म उजेडात शेजारी धरली. वाटीत डाग मागे डावीकडे. फिल्मवर मागे उजवीकडे! उलट बाजू. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. नारळ नासतात, त्यात काय एवढं?

तेवढ्यात आईने शेंडीची वाटी उचलून माझ्यासमोर धरली आणि माझ्या लक्षात आलं. एमआरआयची फिल्म पायाकडून बघायची असते. म्हणून पेशंटचं डावं आपल्याला उजवीकडे दिसतं. मी नारळाकडे डोक्याकडून बघत होतो. शेंडीच्या वाटीत बघणं म्हणजे पायाकडून बघणं... आणि त्या वाटीत डाग मागे उजवीकडे होता. तिथेच. फिल्म आणि वाटी मी किती वेळ शेजारी धरून उभा होतो कोण जाणे. हे रोज करणारा माणूस मी, माझं बघण्यात चुकलं असं मला म्हणता येत नाही.

"नारळात इला बघ," आई म्हणाली. तिला नवल वाटलंच नव्हतं.

मी अंगणातूनच मॅडमना फोन लावला. आधी त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बुरशी असेल. पण घेऊन ये तू. स्लाइड करून बघते."

मी वाटीला प्लॅस्टिकची पिशवी शोधायला लागलो तशी आई आडवी आली.

"नको रे झिला. भायर इला ता भायर रवांदे. परत कापून बघू नको."

"आये, बुरशी असतली. बघितल्यार काय होतला?"

"आणि बुरशी नसली तर?"

खाटेवरून बाबा ओरडले, "माका कापलात तां पुरा नाय झाला? आता नारळाचा पण आप्रेशन करतलात?" हसताना त्यांनी टाक्यांवर हात दाबून धरला होता. किती वाळले होते... मी त्या हाताकडे बघत राहिलो.

नंतर ओहोटी लागल्यावर मी दोन्ही वाट्या घेऊन देवबागकडे खाडीच्या तोंडाशी गेलो आणि पाण्यात सोडल्या. लहानपणी करवंटीच्या होड्या सोडायचो तशाच त्या डुलत समुद्रात गेल्या. दिसेनाशा होईपर्यंत मी तिथून हललो नाही, परत किनाऱ्याला लागतील या भीतीने.

लोक विचारतील, तपासलं का नाहीस? बरोबर आहे. फिल्मवर काय दिसलं आणि प्रत्यक्षात काय निघालं, हे जुळवून बघण्यात माझी इतकी वर्षं गेली. माझ्याच घरात तशी वेळ आली तेव्हा मी भ्यालो. बुरशी असेल, योगायोग असेल, सर म्हणाले तशी कापाची पातळी चुकली असेल. मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. पण उद्या परत तोच नारळ हातात आला तर परत समुद्रातच सोडेन.

बाबा अजून आहेत. रापणीला हात लावत नाहीत, पण ओढणाऱ्यांना शिव्या घालायला रोज किनाऱ्यावर जातात. तपासणीला माझ्याकडेच येतात. मी त्यांना आत सरकवतो, माईकवर सांगतो, "बाबानू, हलू नका हां," आणि काचेपलीकडे बसतो. चित्रं यायला लागली की बाकी काही बघायच्या आधी माझी नजर त्या एकाच जागी जाते. मागे, डावीकडे, म्हणजे माझ्या उजवीकडे.

तिथे पांढरं दिसतं, ओल्या खोबऱ्यासारखं. मग मी माईकचं बटण दाबतो आणि म्हणतो, "झाला, बाबानू. चला घराक."