पोळ्याला येणारे डॉक्टर

“मी मरून राहिलो का? पुरणपोळी खाऊन राहिलो, दिसत नाही तुले? मरणाचं कायले विचारून राहिला मले?”

भिवाजीकाका असे ओरडले, की इटियाडोह धरणाची दारं आपोआप उघडली असती. अंगणातले सजवलेले बैल बावरले. समोर जेवायला बसलेले डॉक्टर टेंभरे मात्र पोळीवर तूप वाढून घेत होते.

त्यांचा दवाखाना कुडव्यात. ज्याचं हृदय किंवा किडनी कुरकुरायला लागली, त्याच्या घरी ते पोळ्याला हजर. नागपूर-रायपूरची पोरं त्या दिवशी गावी असत आणि रोगी अजून स्वतः सायकल मारत असे, म्हणून. मग सगळ्यांसमोर विचारायचं: उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर मशीनवर ठेवायचं की घरी आणायचं? तुमच्या वतीनं बोलणार कोण? लोक त्यांना यमाचा पटवारी म्हणत. त्यांची स्कूटर वळणावर दिसली की धडधाकट माणसं म्हशींमागं लपत. एकदा तर म्हशीच माणसांमागं लपल्या. खोटं वाटत असेल तर कुडव्यात विचारा.

“काका, धानाच्या रोपाचे पऱ्हे कवा टाकता? रोवणीच्या आधी ना?” डॉक्टर म्हणाले. “आयसीयूच्या दारात उभं राहून तुमच्या मनातलं पोराले कसं समजन?”

काका ताटावरून उठले. पण संध्याकाळी थोरल्या पोराला गोठ्यात बोलावून म्हणाले, “मले घरी आणजो. नळ्या नको.” पुढच्या उन्हाळ्यात ते आपल्या ओसरीत, आपल्या खाटेवर गेले. पोरांत एका शब्दाचं भांडण झालं नाही.

डॉक्टर मात्र पन्नाशीतच, रोगी तपासता तपासता कोसळले. मेंदूत रक्तस्राव. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना विचारलं, “शुद्ध येईल असं वाटत नाही. मशीन लावायची का? त्यांची इच्छा काय होती?” वहिनींना ती ठाऊक नव्हती. शेवटी ‘लावा’ म्हणाल्या. इकडे धान निसवलं, पिवळं पडलं, कापणीला आलं. तिकडे डॉक्टर त्या नळ्यांतच, शेवटपर्यंत. सात गावांची तोंडं बंद करणारा त्यांचा मित्र मी, काचेबाहेर उभा राहून नुसते दिवस मोजत होतो.

तेरवीनंतर न राहवून मी वहिनींना विचारलं, “साऱ्या तालुक्याले विचारत फिरले डॉक्टर. तुमच्यापाशी कधी विषय नाही काढला?”

“काढला ना, भाऊजी. दर वेळी मीच उठून चहा ठेवायले जात होती.”