पंधरा डॉलरच्या आतली झिन्फँडेल

प्लिमथ गावात लिनो पेराटोला द्राक्षं शिकवायला जाईल असा माणूस अजून जन्माला यायचाय. सबंध आयुष्य त्याने अमाडोरच्या टेकड्यांवरून झिन्फँडेलची द्राक्षं ट्रकने खाली उतरवली. झिनचा घड मोठा लहरी. एक मणी हिरवा, एक पिकलेला, एक सुकून मनुका झालेला, आणि तिन्ही एकाच देठाला. घड नुसता हातात घेऊन लिनो सांगायचा, अजून चार दिवस थांबा म्हणून. पण दुकानात जाऊन बाटली विकत आणणं? ते त्याने जन्मात केलं नव्हतं. ते खातं ऑर्सोलाचं, त्याच्या बायकोचं.

ऑर्सोला शनिवारी जॅक्सनला जायची आणि आठवड्याची वाइन घेऊन यायची. तिचा नियम एकच, पंधरा डॉलरच्या वर जायचं नाही. त्यावरचे पैसे लेबल छापणाऱ्याला जातात, असं तिचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नाही. बाटली टेबलावर कधी येत नसे. ती आत स्वयंपाकघरात उघडायची, पांढऱ्या जगमध्ये ओतायची आणि जग बाहेर आणायची. आणि काय ती वाइन! जांभळासारखी गोडसर, मागून हलकीशी मिरी, आणि दोन पेले झाल्यावरही माणसाला आपला चष्मा कुठे ठेवलाय ते आठवावं इतकी शहाणी. लिनो प्यायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "याला म्हणतात झिन." कुठली, कुणाची, हे विचारावं असं त्याच्या कधी मनात आलं नाही. ताटात येतंय तोवर कोण विचारतो?

गेल्या ऑक्टोबरात, तोडणी संपता संपता, ऑर्सोला गेली. दफनाहून परतताना तिची थोरली बहीण झीटा गाडीत त्याच्या शेजारी बसली होती. बाई जिभेने तिखट, दुःखातही सवलत देणारी नव्हे. म्हणाली, "माझ्या बहिणीने तुझ्यापुढे काय काय वाढलं, ते तू कधी नीट पाहिलंस तरी का? खाल्लंस आणि उठलास."

लिनोला ते लागलं. लागलं कारण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यालाही तसंच वाटू लागलं होतं. तिला कुठला रंग आवडायचा? आठवेना. ती रेडिओवर काय ऐकायची? आठवेना. जिभेवर मात्र एक चव पक्की होती. त्याने ठरवलं, चर्चमध्ये तिच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की झीटाला घरी जेवायला बोलवायचं आणि ऑर्सोलाची तीच वाइन तिच्यापुढे ठेवायची. तिचं एवढं तरी आपल्याला कळलं होतं, हे झीटाला दिसू दे. झीटाला कशाला, त्याला स्वतःलाच ते हवं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. ज्या मळ्यांतून त्याने उभं आयुष्य द्राक्षं वाहिली, तिथे आता चव बघायचेसुद्धा पैसे पडतात. एका ठिकाणी एका पोरीने पेल्यात घोटभर ओतून पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "यात तुम्हाला ब्लॅकबेरी, दालचिनी आणि जुनं चामडं लागेल."

"चामडं माझ्या बुटांत आहे, बाळ," लिनो म्हणाला. "केवढ्याला?"

"अठ्ठेचाळीस."

"बूटसुद्धा एवढ्याला नव्हते आणले."

स्वस्तातल्या आणल्या, तर काही नुसता मुरंबा, काही खोकल्याचं औषध. चांगल्या होत्या त्या भलत्याच कडक. दोन घोटांत कानशिलं तापायची. त्याला वाटलं, हल्लीची फॅशनच ही, द्राक्षं उन्हात करपेपर्यंत वेलीवर ठेवतात मेले. सटर क्रीकचा दुकानदार ड्वेन त्याला पाहिला की म्हणायचा, "या काका, आज कुणाला नापास करायचंय?" लिनो हसायचा आणि बाटली घेऊन घरी जायचा. एकटाच बसायचा, एक घोट घ्यायचा आणि पेला बाजूला सारायचा. वाइन वाईट नसायची. ती तिची नसायची. त्या क्षणी ऑर्सोला पुन्हा एकदा गेल्यासारखं व्हायचं, आणि हे तो कुणाला सांगणार?

शेवटी ड्वेननेच कोपऱ्यातली एक बाटली काढून दिली. निळं लेबल, तेरा डॉलर. गावापलीकडच्या जुन्या मळ्यातली, शंभरी गाठलेल्या बुटक्या वेलींची. ही बरीच जवळ होती. तेच जांभूळ, तीच मिरी, पण सगळं दाट आणि जड, चढ्या आवाजात बोलल्यासारखं. मिस्सा दोन दिवसांवर आली होती. लिनोने हात टेकले आणि तीच ठेवली.

मिस्सा झाली. झीटा आली. लिनोने मक्याचा घाटा आणि सशाचं कालवण केलं होतं. घाट्यात गुठळ्या होत्या, पण झीटा त्यावर काही बोलली नाही, म्हणजे तिलाही आज जड जात होतं. त्याने तिच्या पेल्यात वाइन ओतली आणि बघत राहिला. झीटाने घोट घेतला.

"हीच," ती म्हणाली.

"ही नव्हे," लिनो म्हणाला. "वर्षभर शोधतोय. जवळची आहे, पण ही नव्हे. तिची मऊ होती."

"अरे, मी असायचे ना दर शनिवारी तिच्याबरोबर! निळ्या लेबलाची. हीच."

"झीटा, माझी जीभ अजून शाबूत आहे."

झीटाने पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या पेल्यात धार सोडली, चांगली दोन बोटं. "आता पी."

वाइनमध्ये पाणी! ते पोरांना देतात, आजारी म्हातारीला देतात. पेराटोंच्या घरात मिसरूड फुटलेल्या माणसाने तसं प्यायलं असतं तर गावभर झालं असतं. लिनोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी त्याने पेला उचलला.

जांभूळ. मागून हलकी मिरी. ऑर्सोला स्वयंपाकघरातून जग घेऊन बाहेर आली असती, तर अगदी अशीच. त्याने पेला खाली ठेवला.

"कधीपासून?"

"तुझा ट्रक उतारावर खड्ड्यात गेला होता ना, तेव्हापासून."

"ब्रेक गेले होते."

"ब्रेक म्हणे! जेवताना प्यालेली वाइन उतरली नव्हती तुझी. ऑर्सोला त्या रात्री तुझी वाट बघत सकाळपर्यंत फाटकात उभी होती."

"मग मला सांगायचं होतं तिने."

"सांगितलं असतं तर जग परसात ओतला असतास. तुझा स्वभाव काय तिला माहीत नव्हता?"

लिनोने पेला परत हातात घेतला. मग म्हणाला, "पण ट्रक तर मी केव्हाच सोडला."

"मीही तेच म्हटलं तिला, आता कशाला? तर म्हणाली, डॉक्टर म्हणतात याचं काळीज नाजूक झालंय." झीटाचा आवाज एकाएकी खाली आला. "म्हणाली, झीटा, हा माझ्याआधी गेला तर मला या घरात एकटीला राहता यायचं नाही. देवाकडे माझं एवढंच मागणं आहे."

बाहेर रस्त्यावरून तोडणीचा शेवटचा एखादा ट्रक घरघरत उतरत होता. लिनोने तो जाऊ दिला.

"मिळालं की तिला," तो म्हणाला. "मला राहता येईल का, हे मात्र कुणी विचारलं नाही."

झीटा उठली, आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आणली आणि तिथे बसली.