मालनबाईंच्या सुनेची मुदतवाढ

मालनबाई गमरेंच्या नाकावर राग असतो, असं परळच्या खिमजी चाळीत म्हणतात. ते खोटं आहे. नाकावरचा राग आला तसा जातो. मालनबाईंचा राग एकदा आला की वळकटी सोडून बसतो. नळ दुरुस्त करणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत राहिला, तेव्हा बाई रिकामी कळशी घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या होत्या. कुणी चहा दिला तर प्यायल्या, कुणी उठा म्हटलं तर उठल्या नाहीत. संध्याकाळी नळाला पाणी आलं.

परळच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी आयाबाई म्हणून उभी हयात काढली. डॉक्टरांच्या तोंडावर खरं बोलायची खोड तिथलीच. पेशंट रात्री ओरडत होता की नव्हता, नर्स आली होती की नव्हती, मालनबाईंना विचारावं. आपण खोटं बोलत नाही याचा त्यांना थोडा नव्हे, चांगलाच ताठा होता.

त्यांचा मुलगा धम्मपाल दोहाला एका हॉटेलच्या किचनमध्ये होता. परत आला तो एक फोटो घेऊन. मुलीचं नाव निरोशा, गाव कोलंबोच्या बाजूचं, काम त्याच हॉटेलच्या लाँड्रीत. मालनबाईंनी फोटो लांब धरून पाहिला.

"इथल्या पोरी काय संपल्या होत्या रे? समुद्र ओलांडून जावं लागलं तुला?"

दोन महिने त्या मुलाशी धड बोलल्या नाहीत. मग निरोशा आली. मराठीचा गंध नाही, हिंदी सगळी आखातात शिकलेली, "हम आएगा, हम जाएगा" अशी. संध्याकाळी मालनबाईंनी बाबासाहेब आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, तशी ती पोर न सांगता गुडघ्यांवर बसली आणि तिने त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. चाल निराळी, शब्द तेच. मालनबाई पंचशीलापर्यंत तिच्याबरोबर म्हणत गेल्या आणि तिथेच त्यांचा राग उतरला. त्या दिवसापासून सुनेला कुणी 'बाहेरची' म्हणायची सोय राहिली नाही. एकदा पलीकडच्या खोलीतल्या कुणीतरी म्हटलं, तर त्याला त्याच्या आजोबांचं गाव कुठलं आणि ते मुंबईत कसे आले, हे सगळं भर गॅलरीत ऐकावं लागलं.

लग्न रजिस्टर झालं. निरोशाला नवऱ्याबरोबर राहायची एक वर्षाची परवानगी मिळाली. वर्ष सरत आलं तसा धम्मपालने मुदतवाढीचा अर्ज केला. परदेशी बायको खरोखर नवऱ्याजवळ राहते की नुसता कागदोपत्री संसार आहे, हे बघायला घरी माणूस येतो. तसा तो आला. साध्या वेषातला हवालदार, बोलायला गोड. धम्मपाल कामावर होता. मालनबाईंनी खुर्ची दिली, चहा टाकला.

हवालदाराने खोलीवर नजर फिरवली. नजर फिरवायला तिथे फार काही नव्हतंच. दहा बाय बाराची खोली, त्यात मोरी, ओटा, कपाट, आणि माणसं पाच. मालनबाई, त्यांचे मिस्टर राजाराम, मुलगी माया, धम्मपाल, निरोशा.

"धम्मपाल झोपतात कुठे?" त्याने विचारलं.

"बाहेर, गॅलरीत," मालनबाई म्हणाल्या.

"आणि या?"

"माझ्या बाजूला. मधी ही, पलीकडं माया. आमच्यात पुरुषमाणसं बाहेरच झोपतात. पहिल्यापासून शिस्त आहे."

शिस्त हा शब्द त्या जरा जोरातच बोलल्या. हवालदाराने मान डोलावली, चहा संपवला आणि तो गेला. मालनबाईंना वाटलं, छान झालं.

उत्तर धम्मपालच्या मोबाइलवर आलं. पती-पत्नी एकत्र राहत असल्याचे चौकशीत आढळून आले नाही. सबब मुदतवाढ देता येत नाही. काही म्हणणं असेल तर येऊन मांडावं, अन्यथा अर्जदार महिलेने देश सोडावा.

धम्मपालने ते दोनदा वाचलं. मग आईकडे बघितलं.

"आई, एकत्र राहतात एवढं बोलून गप बसायचं ना! कोण कुठं झोपतं ते कशाला सांगितलंस?"

"त्यानं विचारलं म्हणून सांगितलं. खोटं सांगू?"

"त्याला काय माहीत चाळ म्हणजे काय!"

निरोशाला सगळं समजलं नाही, पण देश सोडायचा एवढं समजलं. ती उठली, कपाटातले आपले कपडे काढून घड्या घालायला लागली. रडली असती तर मालनबाईंनी समजूत काढली असती. ते घड्या घालणं मात्र त्यांना सोसवलं नाही. त्यांनी तिच्या हातातला कुडता ओढून घेतला आणि परत कपाटात कोंबला.

"बॅग भरायची नाही. मी जिवंत आहे अजून."

हे तिला मायाने हिंदीत सांगितलं. मालनबाईंना आधी स्वतःच्या जिभेचा राग आला होता. तो एक चहा होईपर्यंत टिकला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि मग राग जिथे जायला हवा होता तिथे गेला.

परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात त्या निरोशा आणि धम्मपालबरोबर गेल्या. राजाराम नको नको म्हणत मागून आले. शिवडीच्या गोदामात जन्मभर ओझी उचललेला माणूस, पण टेबलामागे कुणी बसलेलं दिसलं की त्यांचा आवाज बसतो. टेबलामागे एक तरुण मॅडम होत्या. मराठी स्वच्छ, अगदी पुस्तकातली.

"आजी, तुमचंच स्टेटमेंट आहे. मुलगा बाहेर झोपतो, सून तुमच्याजवळ. मग वैवाहिक सहवास आहे असं आम्ही कशावरून समजायचं?"

"वैवाहिक काय?"

"म्हणजे नवरा-बायको म्हणून एकत्र राहणं. त्यांची स्वतंत्र बेडरूम वगैरे?"

मालनबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"बेडरूम आहे ना," त्या म्हणाल्या. "आमच्या चाळीच्या दारात बोर्ड लागलाय, त्याच्यावर चित्र आहे. चाळ पाडणार, टॉवर बांधणार, प्रत्येकाला बेडरूम देणार. माया शाळेत होती तेव्हा लागलाय तो बोर्ड. आता ती नोकरीला लागून जुनी झाली. चित्र काढून आणू?"

"आजी, रागावू नका. नियम सगळ्यांना सारखे असतात."

हे मॅडमनी बोलायला नको होतं. राजाराम हळूच दाराकडे सरकले.

"सारखे? मग मला पण काढा देशाबाहेर! लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत सासू, सासरा, दोन दीर, नणंद. हे माझे मिस्टर, उभे आहेत बघा, लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून गॅलरीत झोपलेत. अख्ख्या मजल्यावरचे नवरे गॅलरीत झोपतात. रविवारी दुपारी शेजारची मीराबाई पोरांना घेऊन बाजारात जायची आणि खोलीची चावी माझ्या हातात ठेवायची. का ठेवायची, ते तुम्हाला सांगायला पाहिजे का? माझी दोन पोरं काय पोस्टानं आली? घर द्यायचं नाही तुम्ही लोकांनी, आणि झोपता कुठं म्हणून वर विचारायचं! लाज विचारणाऱ्याला पाहिजे का सांगणाऱ्याला?"

रांगेतले लोक वळून बघत होते. धम्मपाल खाली मान घालून उभा होता. मॅडमचा चेहरा लाल झाला, पण बाई वाईट नव्हती. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाली, "मला समजतंय. पण मला असं लिहिता येत नाही. फेरचौकशी लावते. त्या वेळी दोघं एकत्र राहताना दिसू देत. एवढंच माझ्या हातात आहे."

मालनबाई पाणी न पिता उठल्या.

धम्मपालने उपाय काढला. अँटॉप हिलला त्याच्या मित्राला सरकारी क्वार्टर होतं. तिथे दोघांचे फोटो काढायचे, डबल बेडवर बसून, मागे पडदे. फेरचौकशीचा माणूस आला की फोटो दाखवायचे, आम्ही अधूनमधून इथे असतो म्हणायचं. मायाला पटलं. राजारामांना तर फारच पटलं. निरोशाने मात्र मान हलवली.

"अम्मा, हम झूठ नहीं बोलेगा," ती म्हणाली. आणि चौथं शील तिने पालीतच म्हणून दाखवलं.

"घ्या," मालनबाई म्हणाल्या. "जिला हाकलतायत ती खोटं बोलत नाही आणि आपण निघालो दुसऱ्याच्या पलंगावर फोटो काढायला. काही नको. खोटं बोलायचं नाही ना? मग खरंच करून टाकू."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपली गादी उचलली आणि गॅलरीत आणून राजारामांच्या अंथरुणाला लावली. मायाची सोय मीराबाईकडे केली. खोली मुलाला आणि सुनेला दिली आणि दार बाहेरून स्वतः ओढून घेतलं.

चाळीत हलकल्लोळ झाला. गॅलरी म्हणजे पुरुषांची जागा. राजारामांच्या एका बाजूला शेजारचे शामराव, पुढे आणखी चार जण, आणि मध्येच ही साठीची बाई डोक्याखाली उशी घेऊन आडवी. शामरावांनी आपली चटई मुकाट्याने जिन्याजवळ नेली. मीराबाई म्हणजे चाळीतलं मालनबाईंचं सगळ्यात जुनं माणूस. तीसुद्धा दारात येऊन पुटपुटली, "अगो मालन, ह्या वयात ह्यां काय गो तुझां?"

"चावी देत होतीस तेव्हा नाही विचारलंस," मालनबाई म्हणाल्या. मीराबाई हसत आत गेली.

राजाराम भिंतीकडे तोंड करून पडले. लाजेने त्यांचे कान तापले होते. मालनबाई जाग्याच होत्या. डोळा लागतो न लागतो तोच शेजारून आवाज आला, "उचल रे, उचल, धर तिकडनं." त्यांनी दचकून पाहिलं. राजाराम झोपेत बोलत होते. गोदामातली ओझी अजून उचलत होते.

सकाळी मालनबाईंनी शामरावांना गाठलं.

"हे झोपेत बोलतात?"

"रोज," शामराव म्हणाले. "आधीपासून. कधी कधी रडतो पण. मी हलवून कूस बदलायला लावतो. तुला ठाऊक नाही?"

मालनबाईंना ठाऊक नव्हतं. नवऱ्याला कुठली भाजी चालते, कुठला गुडघा दुखतो, कुणाचे उपकार तो विसरत नाही, सगळं ठाऊक होतं. तो झोपेत रडतो हे मात्र शेजाऱ्याला माहीत आणि बायकोला नाही. त्या दिवशी त्यांनी भांडी इतकी आपटली की निरोशा घाबरून विचारायला आली. तिला काय सांगणार? एवढी वर्षं त्या ज्याला शिस्त म्हणत आल्या होत्या, ती शिस्त नव्हतीच. जागा नव्हती, एवढंच होतं. आणि आपण त्याचा ताठा मिरवला, हवालदारापुढेसुद्धा, याची त्यांना चीड आली. मॅडमनी विचारलेला प्रश्न त्यांना कधी सासूने विचारला नव्हता, आईने नाही, खुद्द नवऱ्याने नाही. तुम्ही दोघं एकत्र राहता का? उत्तर नाही असंच होतं.

फेरचौकशीला दुसरा माणूस आला, सकाळी, न सांगता-सवरता. खोलीत दोघांचं अंथरूण, दोघांच्या उश्या, धम्मपाल दात घासतोय, निरोशा चहा गाळतेय. त्याने लिहून घेतलं. जाताना गॅलरीत गादी गुंडाळणाऱ्या मालनबाईंना त्याने सहज विचारलं, "आजी, मग तुम्ही कुठे झोपता?"

"इथं. नवऱ्याजवळ," मालनबाई म्हणाल्या. "ते पण लिहा."

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

मुदतवाढ आली. एका वर्षाची. धम्मपालने मोबाइल सगळ्यांना फिरवून दाखवला, माया नाचली, निरोशाने सासूच्या पायावर डोकं ठेवलं. मालनबाईंनी तिला उठवून जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "एकच वर्ष. पुढच्या वर्षी परत येतील बघायला, मेले." डोळे मात्र त्यांनी पदराने पुसले. निरोशाने कपाट नीट लावलं आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकली.

संध्याकाळी राजाराम गॅलरीत आले. आता सगळं पूर्वीसारखं होणार म्हणून त्यांना हायसं वाटत होतं. त्यांनी वाकून बायकोची गादी उचलली आणि खोलीकडे निघाले.

"कुठं चाललात?"

"आत टाकतो. आली ना मुदतवाढ. बस झालं आता. धम्मपाल येईल बाहेर. लोक काय म्हणतायत, ऐकतेस ना?"

मालनबाईंनी गादी त्यांच्या हातातून ओढून घेतली, पुन्हा त्यांच्या अंथरुणाला लावून पसरली आणि तिच्यावर बसल्या.

"लोकांना सांगा, सरकारचा नियम आहे. नवरा-बायकोनं एकत्र राहायचं. नाहीतर देशाबाहेर काढतात."